पायबॉल्ड घोडा म्हणजे टक्कल पडलेला घोडा का? नेमका अर्थ सांगा प्लीज

निपाणी_शिकवणी
नमस्कार सगळ्यांना. मी निपाणीत घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावीची पोरं आहेत, बहुतेक मराठी माध्यमाची आणि तीनचार कन्नड माध्यमाची. परवा एका उताऱ्यात 'पायबॉल्ड पोनी' असा शब्द आला. मी पुढं वाचत जाणार तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एकानं हात वर केला, म्हणाला टीचर, बॉल्ड म्हणजे टक्कल ना, मग त्या घोड्याच्या पायाला केस नव्हते काय? सगळी पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही कारण तो बरोबर रीतीनं विचार करत होता, शब्द फोडून अर्थ लावत होता, जे मीच त्यांना शिकवलंय, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. डिक्शनरीत बघितलं तर 'चितकबरा' लिहिलंय. आता चितकबरा म्हणजे काय हे परत पोरांना सांगायचं. मी म्हटलं कबरा, आपण कबरं कुत्रं म्हणतो तसं. त्यावर एक मुलगी म्हणाली आमच्या घरात कबरी शेळी आहे पण ती तांबडी-पांढरी आहे, मग ती पण पायबॉल्ड का?

तर मला हे कळत नाहीये की हा शब्द फक्त काळ्या-पांढऱ्यालाच लावायचा की कुठल्याही दोन रंगांना चालतो, आणि फक्त घोड्यालाच की गाय, शेळी, साडी, गाडी सगळ्याला? आणि ते 'बॉल्ड' कुठून आलं? पोराला खोटं उत्तर द्यायचं नाहीये. आठवडा झाला, रोज विचारतोय.

टिळकवाडी_वाचनवेडा
ताई, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. त्यानं बोट अगदी जागेवर ठेवलंय.

बॉल्डचा एक जुना अर्थ पांढरा डाग किंवा पांढरा पट्टा असा आहे, विशेषकरून जनावराच्या कपाळावरचा. टक्कल हा अर्थ आज जास्त चालतो म्हणून आपल्याला तेवढाच माहीत. अमेरिकेचा तो गरुड बघा, बॉल्ड ईगल म्हणतात त्याला, पण त्याच्या डोक्यावर टक्कल कुठं आहे, उलट भरगच्च पांढरीशुभ्र पिसं आहेत, अंग गडद आणि डोकं पांढरं म्हणून बॉल्ड. पोरांना त्याचा फोटो दाखवा, एका मिनिटात डोक्यात बसेल.

आता 'पाय'. मराठी पोरांना पाय म्हटलं की तंगडीच आठवणार, त्यात त्यांची चूक नाही, पण हा पाय म्हणजे मॅगपाय पक्षी. कावळ्याच्या कुळातला, लांब शेपटीचा, काळा-पांढरा, युरोपात घराघराच्या आसपास दिसतो. लॅटिनमध्ये त्याचं नाव पिका, त्याचं इंग्रजीत झालं पाय. म्हणजे पायबॉल्ड म्हणजे मॅगपायसारखे पांढरे डाग असलेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द इंग्रजीत सापडतो. त्याच पाय वरून 'पाइड' पण आला. हॅमलिन गावातले उंदीर पुंगी वाजवून नेणारा तो पाइड पायपर आठवतो का, त्याला पाइड म्हणतात कारण त्याचे कपडे दोन रंगांचे होते. गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण नावातला पहिला शब्द कुणी विचारत नाही.

उच्चाराचं एक सांगतो, कारण आपल्याकडं हमखास चुकतं. 'बॉल्ड' मधला बॉ म्हणजे बॉल मधला बॉ. 'बोल्ड' म्हणजे धीट, तो निराळा शब्द आहे. क्रिकेटमुळं बोल्ड तोंडात बसलाय त्यामुळं पोरं 'पायबोल्ड' म्हणतात आणि अर्थ आणखीनच भलतीकडं जातो.

आणि चितकबऱ्याला घाबरू नका. संस्कृतात कर्बुर म्हणजे अनेक रंगांचा, ठिपक्यांचा, त्याच घरातला आपला कबरा. चित हे चित्र मधलं. संस्कृतात शबल म्हणून पण एक शब्द याच अर्थाचा आहे, यमाचे दोन कुत्रे सांगतात ना, श्याम आणि शबल, त्यातला दुसरा म्हणजे कबरं कुत्रं. इतका जुना माल आपल्या घरात आहे. तुम्ही पोरांना कबरा सांगितला ते बरोबरच सांगितला.

चिक्कोडी_टांगेवाला
अक्का, मी घोडेवाला माणूस आहे, आज्ज्यापासून आमच्या घरात टांगा होता, आता शर्यतीच्या घोड्या सांभाळतो. इंग्रजी मला जास्त येत नाही पण हा शब्द मी पैसे घालवून शिकलोय म्हणून लिहितोय.

पायबॉल्ड म्हणजे काळा-पांढराच. तांबडा-पांढरा असला तर त्याला स्क्यूबॉल्ड म्हणतात. पांढऱ्याबरोबर काळा सोडून कुठलाही रंग, तांबडा असू दे, बदामी असू दे, तो स्क्यूबॉल्ड. इंग्लंडात असं काटेकोर धरतात. अमेरिकावाले ही भानगड करत नाहीत, ते दोन्हीला पिंटो म्हणतात. पेंट म्हणून त्यांच्यात जात पण आहे घोड्याची.

मला कसं कळलं सांगतो. एक घोडी घेतलो मी, तांबडी-पांढरी, डाव्या कुशीवर हा एवढा पांढरा डाग, परातीएवढा, आणि तो वर आयाळीपर्यंत गेलेला. डाग आयाळीत घुसला की तिथले आयाळीचे केस पण पांढरे येतात बघा, निम्मी आयाळ तांबडी निम्मी पांढरी, लई देखणी दिसायची. विमा उतरवलो. फॉर्म भरणाऱ्यानं रंगाच्या रकान्यात पायबॉल्ड लिहिला. मी विचारलो हे काय, तो म्हटला दोन रंगाला इंग्रजीत असंच म्हणतात. मी सही केलो. दीड वर्षानं घोडी पोटशुळानं गेली, रात्रभर फिरवत होतो तिला, पहाटे पडली ती उठली नाही. विम्याला गेलो तर तपासणीला आलेला माणूस म्हणतोय कागदावर काळी-पांढरी घोडी आहे आणि तुमच्या फोटोत तांबडी आहे, ही ती घोडी न्हवेच. तीन महिने फिरलो ओ. शेवटी कागदावर भोवरे, म्हणजे केस गोल फिरलेल्या जागा, लिहिले होते, कपाळावर एक आणि मानेवर एक, ते फोटोशी जुळले म्हणून काम झालं. गाईम्हशीला कानात तो बारा आकडी पिवळा बिल्ला असतोय, घोड्याला तसला बिल्ला कुठला, रंग, डाग आणि भोवरे हीच त्याची ओळख. तवापासून मी रंगाचा रकाना स्वतः वाचतो, आणि दुसऱ्याला पण वाचा म्हणून सांगतो.

आमच्यात मराठीत असल्या घोड्याला अबलख म्हणतात. काळा-पांढरा असू दे न्हाईतर तांबडा-पांढरा, अबलखच. फरक करायचा असला तर काळा अबलख, तांबडा अबलख म्हणायचं. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरं असलं की पंचकल्याणी, तो शुभ मानतात, पण पंचकल्याणीला पायबॉल्ड म्हणायचं न्हाई, कारण त्याच्या अंगावर डाग नसतोय. नुसता कपाळावर ठिपका असला तर चांद.

अजून एक गोष्ट जवळ जाऊन बघण्यासारखी आहे. अबलख घोडा धुतला की ओल्या केसातनं खालचं कातडं दिसतंय, पांढऱ्या डागाखाली गुलाबी आणि काळ्याखाली काळं. डागाच्या कडेवरनं बोट फिरवत गेलं की कातड्यावर पण तीच रेघ दिसते. आणि सगळा पांढरा दिसणारा म्हातारा घोडा असतोय ना, तो बहुतेकदा लहानपणी काळपट असतोय, वयाप्रमाणं पांढरा होतोय, त्याचं कातडं केसाखाली काळंच राहतंय. अबलख मात्र शिंगरू असल्यापासून अबलख. ज्याचं नाकाड पांढरं-गुलाबी असतंय त्याला उन्हाचा त्रास होतोय, उन्हाळ्यात नाकाचं साल जातंय, त्याला सावलीत बांधा.

टिळकवाडी_वाचनवेडा
अण्णा, घोडीचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही जे लिहिलंय ते कुठल्या डिक्शनरीत एवढं नीट मिळणार नाही. अबलख हा अरबी शब्द आहे, अबलक, फारसीतून आपल्याकडं घोड्यांबरोबर आला आणि त्याचा मूळ अर्थच काळा-पांढरा. म्हणजे घोड्यासाठी आपल्याकडं पायबॉल्डच्या तोडीचा शब्द होताच, डिक्शनरीवाल्यांनी तो सोडून चितकबरा दिला.

खानापूर_रानवाट
मी पक्ष्यांकडून सांगते. आमच्या खानापूर तालुक्यात रान जवळ, त्यामुळं लहानपणापासून नाद आहे. इंग्रजीत पक्ष्यांना सहसा पायबॉल्ड म्हणत नाहीत, पाइड म्हणतात. पाइड किंगफिशर, पाइड बुशचॅट, पाइड कुकू, मलबार पाइड हॉर्नबिल. यातल्या कितीतरी नावांत मराठीनं 'पाइड'साठी एक सुंदर शब्द वापरलाय, तो म्हणजे कवड्या. पाइड किंगफिशर म्हणजे कवड्या खंड्या, पाइड बुशचॅट म्हणजे कवड्या गप्पीदास. कवडी नजरेसमोर आणा, सौंदत्तीच्या डोंगरावर कवड्यांच्या माळा बघितलेल्या असतीलच सगळ्यांनी, त्या माळेत गडद धाग्यावर पांढरी कवडी कशी उठून दिसते, तसे हे पक्षी. इंग्रजीनं उपमा पक्ष्याची घेतली आणि आपण कवडीची. मला आपली जास्त आवडते.

कवड्या खंड्या मलप्रभेवर बघायला मिळतो. निळा खंड्या फांदीवर बसून वाट बघतो, पण हा कवड्या पाण्यावर एका जागी हवेत उभा राहतो, पंख नुसते थरथरत असतात, चोच खाली, डोकं एका जागेवरनं हलत नाही, आणि एकदम दगड टाकल्यासारखा सरळ खाली. त्या क्षणी पंखांवरचा काळा-पांढरा असा काही लकाकतो की पाइड म्हणजे काय ते समजावून सांगायची गरजच राहत नाही.

दुसरं, चातक. पावसाच्या आधी येणारा, डोक्यावर तुरा, वरून काळा खालून पांढरा, त्यालाच इंग्रजीत पाइड कुकू म्हणतात. पोरांना चातक मराठीच्या पुस्तकामुळं माहीत असतो, तोच इंग्रजीत पाइड आहे म्हटल्यावर लगेच लक्षात राहील.

पण एक सांभाळायचं, पाइड नाव असलं तरी सगळ्यांत मादी तशी असतेच असं नाही. गप्पीदासाचा नर काळा आणि पंखावर पांढरा पट्टा, मादी मात्र साधी तपकिरी. तारेच्या कुंपणावर दोघं शेजारी बसलेले असतात तेव्हा नवख्या माणसाला वेगळे पक्षी वाटतात.

वर बॉल्डचं लिहिलंय त्याला एक जोड देते. इंग्रजीत 'कूट' नावाचा पाणपक्षी आहे, काळा कुळकुळीत आणि कपाळावर पांढरी ढाल, त्याच्यावरनं त्यांच्यात टकल्या माणसाला 'बॉल्ड ॲज अ कूट' म्हणतात. तो पक्षी हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर पण येतो, मराठीत त्याला चांदवा म्हणतात, आणि वारकरी असंही म्हणतात. अण्णांनी घोड्याच्या कपाळावरच्या ठिपक्याला चांद म्हटलं ना, तोच चांद. म्हणजे बॉल्डचा जुना अर्थ हवा असेल तर आपल्याकडं तो चांद आहे.

आणि मॅगपाय आपल्याकडं नाही म्हणून पोरं हिरमुसली तर त्यांना टकाचोर दाखवा. तांबूस अंगाचा, काळ्या डोक्याचा, लांबलचक शेपटीचा, आंब्याच्या झाडात ओरडत असतो. इंग्रजीत त्याचं नाव ट्रीपाय, तोच पाय. दयाळ पक्ष्याच्या इंग्रजी नावात तर अख्खा मॅगपाय आहे, मॅगपाय रॉबिन, काळा-पांढरा म्हणूनच. दयाळ निपाणीत कुणाच्याही परड्यात सकाळी शीळ घालत असतो.

विषयाला थोडं सोडून आहे पण लिहिते. कवड्या नावाचा साप पण आहे, तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, बिनविषारी, आणि लोक त्याला मण्यार समजून मारतात. कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचे शेपटीकडं ठळक असतात. पण हात लावून बघायला जाऊ नका, लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा. मारू नका एवढंच.

निपाणी_शिकवणी
बाप रे, एवढं सगळं. मी वहीत उतरवून घेतेय. म्हणजे शेळीवाल्या मुलीला सांगायचं की तुझी शेळी मराठीत कबरीच पण इंग्रजीत पायबॉल्ड नाही, बरोबर? स्क्यूबॉल्ड शेळीला चालेल का? आणि साडीचं राहिलं. माझ्याकडं एक साडी आहे, हलवली की कधी हिरवी कधी जांभळी दिसते, दोन रंगांची आहे की, मग तिला काय म्हणायचं? एका मुलीनं वाक्य लिहून आणलंय, 'माय मदर हॅज अ पायबॉल्ड सारी'. मी चूक द्यावी का?

वडगाव_माग
चूक द्या ओ टीचर, पण का चूक ते सांगून द्या.

आमचं वडगावात मागाचं घर आहे, बापूंच्या वेळेपासून. तुमची जी साडी आहे ना ती धूपछाव. तिच्यात दोन रंग शेजारी शेजारी नसतात, एकमेकांत असतात. उभा ताणा एका रंगाचा भरायचा, समजा जांभळा, आणि आडवा बाणा हिरवा मारायचा. प्रत्येक चौरस सुतात दोन्ही रंग हाय. उजेड एका बाजूनं पडला की ताणा दिसतो, दुसऱ्या बाजूनं बाणा दिसतो. घडी घातली की घडीच्या कडेला तिसराच रंग आल्यासारखा वाटतो. इंग्रजीत याला शॉट सिल्क म्हणतात, व्यापारी लोक टू-टोन पण म्हणतात. पायबॉल्डमध्ये डाग असायला पाहिजे, इथं काळा संपला आणि इथं पांढरा सुरू झाला अशी कड असायला पाहिजे. धूपछावात कडच नसते.

काठ वेगळा आणि अंग वेगळं अशी साडी असली तरी पायबॉल्ड नाही, कारण काठाची रेघ सरळ, ठरवून विणलेली असते. माझा अनुभव सांगतो, नवीन पोरगं मागावर बसलं आणि रंगवलेल्या सुताच्या लडीत एखादी कच्ची लडी मिसळली की कापडावर वेडेवाकडे पांढरे चट्टे येतात, तसलं कापड बघून माझ्या पोरानं, तो इंजिनिअरिंगला आहे, एकदा म्हटलं होतं हे पायबॉल्ड झालंय. ते तेवढं शोभलं. पण ते खराब मालाला म्हटलेलं, आईच्या साडीला नको म्हणू दे.

गाडीला पण तेच. दोन रंगांची मोटरसायकल, दोन रंगांची कार, तिला टू-टोन म्हणतात, शोरूमच्या कागदावर तसंच छापलेलं असतंय.

टिळकवाडी_वाचनवेडा
वडगावच्या भाऊंनी 'कड' म्हटलं ना, अर्थ तिथंच आहे. जनावराच्या अंगावर निसर्गानं आलेले, आकार नसलेले, मोठे, आणि कड असलेले डाग. इंग्रजीत तो सगळ्यात जास्त घोड्यासाठी वापरतात, मग कुत्रा, कबूतर, हरीण. गाईला बहुतेक लोक साधं ब्लॅक अँड व्हाइट म्हणतात, आपली एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन जातीची गाय तशीच. शेळीला पण पाइड किंवा ब्राऊन अँड व्हाइट म्हटलं तर कुणी चूक म्हणणार नाही. स्क्यूबॉल्ड शेळीला लावला तर अर्थ कळेल, पण तो घोड्याच्या तबेल्यातला शब्द आहे, शेळीच्या गोठ्यात अवघडल्यासारखा वाटतो. बारीक ठिपके असतील तर स्पॉटेड, वाघासारखे पट्टे असतील तर ब्रिंडल.

सिस्टर_बेळगाव
मी स्किनच्या ओपीडीत नर्स आहे, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोरांना हा शब्द शिकवताना कृपा करून हे पण सांगा की तो माणसाला लावायचा नाही. वर्गात एखाद्याच्या अंगावर पांढरे डाग असतात, आणि नवीन शब्द मिळाला की पोरं तो चिडवायला वापरतात, मोठी माणसं पण वापरतात. मी रोज बघते, आई मुलीच्या कपाळावरची ओढणी पुढं ओढून बसलेली असते.

मेडिकलमध्ये पायबॉल्डिझम नावाची एक स्थिती खरोखर आहे. जन्मापासून कपाळाच्या वर मधोमध एक पांढरी बट असते, कधी तिच्याखाली कपाळावर त्रिकोणी पांढरा डाग, पोटावर किंवा हातापायांवर पण डाग असतात. हे कोड नव्हे. कोडात आधी रंग असतो आणि नंतर रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, डाग पसरू शकतात. पायबॉल्डिझममध्ये त्या पेशी त्या जागेपर्यंत कधी पोचलेल्याच नसतात आणि डाग बहुतेक आयुष्यभर तसेच राहतात. किट नावाच्या जनुकातल्या बदलामुळं होतं, आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. दोन्हीपैकी काहीही एकमेकाला लागत नाही, ताटात जेवलं तरी नाही, शेजारी बसलं तरी नाही.

आमच्या डॉक्टरांनी मला एकदा छान समजावून सांगितलं होतं ते लिहिते. गर्भात बाळ असतं तेव्हा रंगाच्या पेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी पोटाकडं, कपाळाकडं, हातापायांच्या टोकांकडं चालत जातात. जिथपर्यंत पोचत नाहीत तो भाग पांढरा राहतो. म्हणून पांढरा डाग बहुतेकदा कपाळावर, पोटावर आणि पायांच्या टोकांना असतो. चिक्कोडीच्या अण्णांचा चांद आणि पंचकल्याणी वाचताना मला तेच आठवलं, जनावरात पण तसंच असतं. अण्णा, घोड्याच्या चांदाला आपण शुभ म्हणतो, आणि पोरीच्या कपाळावर तशीच बट आली की तिचं लग्न जमत नाही म्हणून रडतो. हे मला पटत नाही. पेशंटबद्दल बोलायचं तर 'पायबॉल्डिझम असलेली मुलगी' म्हणा, 'पायबॉल्ड मुलगी' म्हणू नका, आणि कबरी तर नाहीच नाही.

चिक्कोडी_टांगेवाला
सिस्टर, खरं बोललात. आमच्या भावकीत एक पोरगी हाय तशी, कपाळावर पांढरी बट. आम्ही सगळे कोड म्हणूनच धरून बसलोय. तिच्या बाला घेऊन येतो तुमच्याकडं.

संकेश्वर_कॉलेज
मला वेगळंच विचारायचंय. कॉलेजात आमच्या एका सरांनी बोलता बोलता म्हटलं की तुमची बेळगाव भागाची मराठी पायबॉल्ड आहे, निम्मी कन्नड निम्मी मराठी. मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता, आता वरचं वाचून कळला आणि थोडं लागलं पण. असा वापर इंग्रजीत बरोबर आहे का?

टिळकवाडी_वाचनवेडा
वापर इंग्रजीत आहे. एकमेकांशी न जुळणाऱ्या तुकड्यांच्या गोष्टीला पायबॉल्ड म्हणतात, आणि भाषेलाही म्हटलेलं आहे. पण त्यात बहुतेक वेळा नाक मुरडलेलं असतं, कौतुक नसतं. त्यामुळं तुला लागलं ते बरोबर लागलं.

आणि मला विचारशील तर तो शब्द आपल्या बोलीला बसतच नाही. पायबॉल्डात कड असते, डाग उचलून बाजूला काढता येईल असा दिसतो. आपल्या बोलण्यात कन्नड कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं ते दाखव बघू. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडकडून आलेत असं अभ्यासक सांगतात, आणि ते पुण्यातल्या माणसाच्या पण तोंडात आहेत, त्याला पत्तासुद्धा नसतो. वर अण्णांनी 'मी घेतलो, मी विचारलो' लिहिलंय, पुण्यात 'मी घेतली, मी विचारलं' म्हणतील. त्यात शब्द सगळे मराठी आहेत आणि वळण कन्नडच्या शेजारचं आहे, कन्नडात क्रियापद करणाऱ्याप्रमाणं चालतं तसं. याला डाग कसं म्हणणार? घोड्यातच उपमा पाहिजे असेल तर इंग्रजीत 'रोन' म्हणून रंग आहे, त्यात सगळ्या अंगावर रंगीत केसांत पांढरे केस एकेक करून मिसळलेले असतात, लांबून एकच रंग वाटतो आणि जवळ गेल्यावर दोन्ही दिसतात. आपली बोली तशी आहे. किंवा वडगावच्या भाऊंची धूपछाव म्हण, ती तर आपल्याच मागावरची.

आपल्याकडं म्हण आहे ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. यातला वाण म्हणजे रंग. ती म्हण लोक वाईट संगतीबद्दल वापरतात, पण दोन भाषा शेजारी बांधल्या की त्यांचा गुणही लागतो आणि वाणही लागतो. त्यात लाज कसली.

संकेश्वर_कॉलेज
थँक्यू सर. हे मी त्या सरांना सांगणार आहे, नीट शब्दांत.

निपाणी_शिकवणी
आज वर्गात घेतला हा शब्द, पूर्ण तास गेला. आधी फळ्यावर गरुडाचा फोटो लावला आणि काही न सांगता विचारलं याला टक्कल आहे का. सगळे म्हणाले नाही. मग तो बॉल्ड ईगल आहे सांगितलं. मागच्या ओळीतला माझा तो पोरगा उठून उभा राहिला आणि म्हणाला म्हणजे टीचर, बॉल्ड म्हणजे पांढरं! मी त्याला पुढं बोलावून पुढचं त्यालाच समजावून सांगायला लावलं. टकाचोराचं नाव निघाल्यावर चारपाच जणांनी बघितलेला निघाला, एकानं त्याचा आवाज पण काढून दाखवला.

मग एकेक नाव दिलं आणि मराठीत काय म्हणाल ते लिहायला सांगितलं. घोड्याला अबलख कुणालाच येत नव्हतं, आता येतं. पक्ष्याला कवड्या एकीला माहीत होतं, तिची आजी सौंदत्तीला जाते. कुत्र्याला, मांजराला, शेळीला कबरा-कबरी सगळ्यांनी लिहिलं. कन्नड माध्यमाची पोरं 'करी-बिळी' म्हणाली, काळी-पांढरी, ते पण फळ्यावर लिहिलं. साडीचं वाक्य त्या मुलीनं स्वतःच खोडलं आणि आईची साडी धूपछाव आहे का ते घरी जाऊन बघते म्हणाली. सिस्टरांचं पण सांगितलं, तो भाग सांगताना वर्ग एकदम शांत होता, आणि का शांत होता ते मला माहीत आहे कारण पहिल्या ओळीत एक मुलगी बसते जिच्या कोपरावर डाग आहेत. तास सुटल्यावर ती थांबली, लागत नाही हे कागदावर लिहून द्याल का म्हणून विचारलं. लिहून दिलं, मराठीत आणि कन्नडात दोन्हीत, कन्नड शेजारच्या बाईंकडून तपासून घेतलं.

चिक्कोडीच्या अण्णा, एक मागणं आहे. तुमच्याकडं आत्ता एखादा काळा अबलख आणि एखादा तांबडा अबलख असेल तर दोघांचे फोटो टाकाल का, शक्यतो अंघोळ घातल्यावरचे, त्या गुलाबी आणि काळ्या कातड्याची कड दिसेल असे. पोरांना ती रेघ बघायचीच आहे.

चिक्कोडी_टांगेवाला
काळा नाही माझ्याकडं, पाव्हण्याकडं हाय अथणीला. तांबडी हाय, गेल्या वर्षी आणलेली, पहिलीसारखीच दिसते. रविवारी खरारा करून धुतो तवा काढतो फोटो. न्हाईतर असं करा अक्का, पोरांनाच घेऊन या, लांब कुठं हाय.